आणखी अर्धा फेरा

रविवार, नऊ मार्च. आकाश स्वच्छ, वारा नाही, सावलीतही गरम. आणि मी सकाळी दहापासून गाडीशेजारी पालथा, कारण तुम्हाला सांगतो, काम अर्ध्या तासाचं होतं. चाक काढायचं, दोन बोल्ट सोडवायचे, ब्रेकचे झिजलेले पॅड काढून नवे बसवायचे, झालं... त्याला मेकॅनिक कशाला? उद्या आठला बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. दोनदा ऐनवेळी नाही म्हणालेत, आणि या खेपेला अट घातलीय, "तुझ्या गाडीतून नेशील तर येतो, परक्याच्या गाडीत बसणार नाही."

वरचा बोल्ट सुटला. खालचा हलेना. तेल सोडलं, थांबलो, पान्याला पाइप लावून जोर केला आणि कट्... सुटला म्हणून खूश झालो तर हातात नुसती मुंडी, धड आतच.

दारात खुर्ची टाकून बसलेल्या बाबांना दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. "तुटला ना?"

"नाही."

"तुटल्याचा आवाज कळतो मला."

आतून बायको, "अहो, मेकॅनिकला फोन लावू?" म्हटलं नको, काम अर्ध्या तासाचंय. मग तुकड्याला भोक पाडून उलट्या आट्यांचं हत्यार घातलं, तुटके बोल्ट काढायला खास मिळतं, दुकानदार म्हणाला होता, "अलगद बाहेर येईल." तेच आत मोडलं. आता तिथे ड्रिलही शिरेना.

शेवटी बायकोनं फोन लावलाच. तीनला मेकॅनिक आला, वाकला. "मागच्या वेळी कुठल्या पैलवानानं आवळला हा?"

माझ्याकडे गाडीच्या प्रत्येक कामाची नोंद असते. वही आणली आणि, काय अवदसा आठवली, मोठ्यानं वाचली. चार वर्षांपूर्वीचं माझंच अक्षर : "खालचा बोल्ट आवळला. बाबा म्हणाले, आणखी अर्धा फेरा दे. दिला."

बाबांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, "उद्याचं राहू दे."

झालं का समाधान? एका बोल्टापायी माणूस आंधळा राहणार, आणि नोंद कोणाच्या अक्षरात?

मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "आजोबा, मी नेतो. माझ्या गाडीचे ब्रेक ठीक आहेत."

"बोल्ट कोणी आवळले?"

"मी. हवेत तेवढेच."

बाबा खुर्चीतून उठले. "पुढच्या सीटवर बसेन," म्हणाले.

मला मात्र मेकॅनिकनं बाजूला घेऊन सांगितलं, "पॅड धरणारा अख्खा भाग बदलावा लागेल, मंगळवारी मिळेल. बसवायला काय, काम अर्ध्या तासाचं."

सोमवार, दहा मार्च. ढगाळ. गाडी जॅकवर. बाबांचं ऑपरेशन झालं. वेळ लागला अठ्ठावीस मिनिटं.