पंजाला बांधलेला दोरा

दि. ०४/१०/२०२५

नाव – पिराजी दत्तू चौगले, वय ५७ वर्षे, धंदा – फवारणी पंप व कटर दुरुस्ती, दुकान शाहूपुरी, रा. शिवाजी पेठ, कोल्हापूर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारलेवरून सांगतो की, मी सव्वीस वर्षे दुरुस्तीचा धंदा करतो. झाडे तोडायच्या पेट्रोलवरच्या चेन सॉ मशीनला आमच्यात कटर म्हणतात. मयत आकाराम केरबा खाडे, वय ४१, व त्याचा भागीदार सोमेश चनबसाप्पा मगदूम हे दोघे अकरा वर्षे माझ्याकडेच कटर दाखवायला आणत. मयत असे लिहायचे तर लिहा साहेब, परंतु परवा दसऱ्याला त्याने माझ्या हातावर सोने ठेवले आहे. मला अजून खरे वाटत नाही.

काल शुक्रवारी सकाळी दहाचे सुमारास दोघे कटर घेऊन दुकानी आले. मशीन चालू होत नव्हते. मी एअर फिल्टर उघडला तर आत ओली हळद. खंडेनवमीला आकारामने पूजेसाठी मशीन नळाखाली धरून धुतले होते. मी त्याला म्हणालो, "मशीन हाय का म्हस रं ही, धुवायला?" सोमेश म्हणाला, "मी म्हणलोतो पाणी मारू नगो. ऐकतोय कुठं ह्यो शाणा!" आकारामने त्याला एक शिवी दिली व हसला. शेजारच्या दुकानदाराने याला भांडण म्हटले असेल तर त्याचे कान तपासा. ते दोघे रोज असेच बोलत व एकाच डब्यात जेवत.

मी फिल्टर साफ करून हवा मारली. स्टार्टर ओढून ओढून पेट्रोल ओव्हर झाले होते, प्लग चिंब होता. प्लग काढून पुसला. चोक बंद करून, प्लगशिवायच सात-आठ वेळा स्टार्टर ओढला, आत साठलेले पेट्रोल बाहेर पडले. मग प्लग परत बसवला.

चालू करताना मशीन जमिनीवर ठेवायचे, मागच्या मुठीत बूट रोवायचा आणि आधी ब्रेक लावायचा, अशी माझ्या दुकानची रीत आहे. हातात लोंबकळत धरून स्टार्टर ओढणाऱ्याला मी हाकलून देतो. ब्रेक म्हणजे पुढच्या मुठीसमोरचा प्लॅस्टिकचा पंजा. तो पुढे ढकलला की चेन अडकते. कापताना पात्याचे टोक कशाला लागले तर मशीन उसळून माणसाच्या अंगावर येते. तेव्हा मनगट त्याच पंजावर आपटते व चेन जागच्या जागी थांबते.

मी पंजा पुढे ढकलला, तो हलला नाही. पंजा आणि मूठ मिळून लाल दोऱ्याचे सात वेढे बांधले होते, त्यात झेंडूचे फूल. मी पक्कड घेतली. आकाराम म्हणाला, "काका, नका तोडू. आईनं बांधलाय. पुनवंला सोडतो की." मी पक्कड खाली ठेवली. माझ्या कंप्रेसरलाही पूजेचा दोरा होताच. मी ब्रेक न लावता स्टार्टर ओढला. तिसऱ्या झटक्याला मशीन चालू झाले. आम्ही तिघांनी चहा घेतला व ते फुलेवाडीला एका बंगल्यातला गुलमोहर उतरवायला गेले.

दुपारी १२.४० वाजता सोमेशचा फोन आला. मी चिडून म्हणालो, "परत बंद पडलं व्हय रं?" तो म्हणाला, "न्हाई काका. बंद कसं करायचं?" मागे मशीनचा आवाज येत होता. अकरा वर्षे कटर चालवणारा माणूस मला हे विचारत होता. मी म्हणालो, "लाल बटण दाब." त्याने दाबले. मग मागे काहीच आवाज नव्हता. मी म्हणालो, "आकारामला दे फोन."

सोमेशने मुद्दाम फांदी ओढली म्हणून मशीन आकारामच्या मानेवर आले, अशी तक्रार आकारामच्या चुलत्यांनी दिल्याचे मला इथे समजले. हे साफ खोटे आहे. टोक लागले की मशीन उसळते, त्याला कोणी ओढावे लागत नाही. आज पंचांसमक्ष मला मशीन दाखवले. सातही वेढे तसेच आहेत व पंजा जागचा हललेला नाही. दोरा मुळात लाल होता, त्यामुळे अधिक काही सांगता येत नाही. ब्रेक लागला असता तर आकाराम वाचला असता. तो लागणार नाही हे मला सकाळीच माहीत होते. सोमेशला सोडा. चूक माझी आहे, तसेच लिहा.

दोरा कोणी बांधला, असे आपण दोनदा विचारले. पहिल्यांदा मी माहीत नाही म्हणालो, ते खोडा. दोरा आकारामची आई बायडाबाई, वय ६८, हिने बांधला.

बायडाक्का आज रक्षाविसर्जन उरकून थेट इथे आल्या आहेत. सोमेशला भाकरी आणली आहे. खिडकीबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला विचारतात, "मी दोरा बांधलता की वं, तरी असं कसं झालं?" मी येतानाही मला विचारले. मी चप्पल काढायचे निमित्त करून खाली बघितले.

जबाब मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत आहे असे आपण सांगितले. माझ्या विनंतीवरून तो वाचून दाखवलेला नाही. खिडकी लागत नाही. मी स्वतः, ओठ न हलवता, दोनदा वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही – पिराजी दत्तू चौगले