दाजींची रात्रपाळी

हॅलो? …ताई? मी बोलतेय, तुमची भावजय… नाही नाही, ठेवू नका. ऐका ना… ह्यांनी नाही करायला लावलेला हा फोन, मी आपणहून केलाय. …हो, घरातच आहेत. दाराआड उभे आहेत, पण पुढे यायचं धाडस होत नाहीये.

…माहितीये मला. दोन महिने झाले, ना फोन ना येणं-जाणं. तुमचा राग बरोबरच आहे. पण आधी ऐकून घ्या, मग मला काय बोलायचं ते बोला. दाजी कुठेत? …मागे सायकल पुसताहेत? असू दे, तुम्हालाच सांगते आधी.

ताई, पिल्लं कुठे गेलीच नव्हती.

…अहो, माशांची. ह्यांच्या मत्स्यबीज केंद्रातल्या टाकीतली. दाजींच्या रात्रपाळीत कमी होतात म्हणून ह्यांनी एवढा तमाशा केला ना, ती सगळी जागच्या जागी होती.

…हो, सांगते ना. ते मोजायचं सॉफ्टवेअर बसवलं होतं ह्यांनी, तेच. टाकीवर कॅमेरा. तो फोटो काढणार, कॉम्प्युटर प्रत्येक पिल्लाभोवती एक गोल काढणार आणि गोल मोजणार. संध्याकाळी आकडा भरपूर, सकाळी बघावं तर कमी. रोजचंच झालं. मग ह्यांच्या डोक्यात भरलं, पहाटे बगळे येतात, पिल्लं उचलतात, आणि राखणीला बसलेला माणूस…

…हो ताई. तेच म्हणाले होते. ‘राखणीला ठेवलंय की घोरायला?’ सगळ्या कामगारांसमोर, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला. …नाही, मी त्यांची बाजू घेत नाहीये. कुठल्या तोंडाने घेऊ?

मग दाजी घरी बसले, त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. तरी सकाळचा आकडा कमीच. त्यालाही झापलं. शेवटी परवा हे स्वतः जाऊन बसले. बगळा नाही, मांजर नाही, ह्यांच्या डोळ्याला डोळा नाही. आणि सकाळी कॉम्प्युटर म्हणतो, पिल्लं कमी.

…हो, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून जाळीने पिल्लं काढली आणि घमेल्यात टाकत मोजली. वाकून वाकून माझी पाठ मोडली. सगळी होती, ताई. मग ह्यांनी सकाळचा फोटो मोठा करून बघितला. पहाटे पाणी गार पडतं ना, तशी ती गरम पाण्याच्या नळीपाशी कोपऱ्यात गोळा होतात. एकावर एक. आणि कॉम्प्युटरने त्या ढिगातल्या प्रत्येक पुंजक्याभोवती एकच गोल काढलेला. चार-पाच पिल्लं मिळून एक.

…नाही हो, बिघडलं नव्हतं. तेच तर. एकमेकांवर आलेली पिल्लं वेगळी ओळखायला त्याला शिकवावं लागतं म्हणे. ह्यांनी शिकवताना फोटो दाखवले ते पांढऱ्या ट्रेमध्ये सुटी सुटी पसरलेल्या पिल्लांचे. तिथे आकडा बरोबर आला, झालं, हे खूश. ढीग कधी दाखवलाच नाही त्याला. मशीनला तरी काय दोष द्यायचा?

…कसे असणार? तो फोटो सारखा उघडून बघताहेत. काल कामगारांना बोलावलं, त्याच टाकीपाशी, जिथे दाजींना बोलले होते. फोटो दाखवला, गोल दाखवले, आणि चूक माझी म्हणायची वेळ आली तर सॉफ्टवेअरच समजावत बसले. शेवटी जाळी धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘आम्हाला काय सांगताय साहेब, ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलंत का?’ मान खाली घालून घरी आले. तेव्हापासून फोन हातात घेतात आणि परत ठेवतात. मग म्हटलं, मीच लावते.

…काय म्हणालात? …परत सांगा. …दाजी स्वतःच? गोदामवाल्यांनी राखणीचं काम देऊ केलं, आणि दाजींनीच सांगितलं, ‘मला नका ठेवू, मला बसल्या बसल्या झोप लागते’? …डॉक्टरकडेही जाऊन आले? …ताई, म्हणजे ह्यांचं ते बोलणं त्यांनी खरं मानलं?

…मला वाटत होतं ते चिडून बसलेत. चिडले असते तर बरं झालं असतं हो.

…हे? ऐकलं ह्यांनी. दाराआडून बाहेर आलेत.

…बोलावताय दाजींना? बोलवा ना. …थांबा, हे जवळ आले. हात पुढे केलाय. …देते ह्यांच्याकडे. एक मिनिट.

…ताई, मी. …बोल, तुला हवं तेवढं बोल मला. पण आधी दाजींना दे.

…दाजी? मी बोलतोय.

…नाही, काम काही नाही. …दाजी, तुम्हाला झोप लागली नव्हती.

…नाही ना. ‘लागला असेल डोळा’ म्हणू नका. नव्हता लागला. एकदाही नाही. तुम्ही जागे होतात, दाजी, आणि पिल्लं तुमच्या डोळ्यांसमोर तिथेच होती. मलाच मोजता आली नाहीत.

…काय? …नाही, पिल्लं ठीक आहेत. सगळी ठीक आहेत.

…नाही, पुढचं फोनवर नको. तो फोटो घेऊन येतोय मी. …आत्ताच निघतोय. …नका हो, चहाबिहा काही टाकायला सांगू नका. दारात उभं केलंत तरी पुष्कळ आहे.

…हो. …ठेवतो.