मोजून एक मग

...नाही, पण मला एक सांगा, सहा कुंड्यांना मिळून एक मग पाणी म्हणजे काय महापूर झाला का? तो नर्सरीवाला म्हणतो, "काका, मुळं कुजलीत, पाणी कमी घाला." अरे बाबा, मी शिंपी माणूस, चाळीस वर्षं गळ्यात टेप घालून वावरलो, माझं माप चुकेल? मोजून एक मग घालतो. सकाळी. बस्स.

आता तुम्ही म्हणाल, या वयात हे लेट्यूस-पालकाचं खूळ कुठून शिरलं? तर तुम्हाला सांगतो, आमची ही पडली. स्वयंपाकघरात, सपाट फरशीवर. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड झकास जुळलंय, आता यांना चालवा आणि ताजी हिरवी पानं खाऊ घाला. पानांचं मी मनावर घेतलं, पण चालण्याचं कोण घेणार? ही पलंगावरून उतरायलाच तयार नाही. वॉकर आणला, तर म्हणे "उद्या बघू." उद्या उद्या करत तीन महिने गेले, आणि त्या वॉकरवर मी टॉवेल वाळत घालायला लागलो. खोटं कशाला बोलू, मनातून पार घाबरलो होतो. ही अशीच पडून राहिली तर... हा विचार काही पाठ सोडेना. म्हटलं, निदान पानं तरी घरची असू देत.

मग काय, गॅलरीत कुंड्या. सगळं सेंद्रिय बरं का. भाज्यांची सालं कुजवून खत घरीच, आणि त्याचा वास असा की पाहुणे चहालाही थांबेनात. कुंडीच्या काठावर खडूने खुणा केल्या, टेप लावून एकेक बी पेरलं. अळी दिसली तर नर्सरीवाला म्हणतो, "आनंद माना काका, विष नाही याची खूण आहे ती." म्हणजे अळीनं जेवायचं आणि मी आनंद मानायचा. तोही मानला हो. पण रोपं चार पानांवर आली की माना टाकायची. माती बघावी तर नुसता चिखल. आणि मी घालतो किती? मोजून एक मग!

मला संशय वरच्या मजल्यावरच्या बाईंचा. कपडे पिळतच नाहीत, निथळत वाळत घालतात. परवा दुपारी ठरवलं, आज चोर पकडायचाच. हिला म्हटलं, "जरा बाहेर जाऊन येतो गं." तर म्हणाली, "सावकाश या," आणि तेही जरा जास्तच प्रेमाने. खाली गेलो, दहा मिनिटांनी चोरपावलांनी परत आलो, हलकेच किल्ली फिरवली, दाराच्या फटीतून बघतो तर काय...

आमची ही. उभी. टॉवेल घड्या घालून पलंगावर ठेवलेले, वॉकरच्या दांडीला छोटी बादली अडकवलेली, आणि एक पाऊल टाकते, थांबते, दम घेते, मग दुसरं. अशी गॅलरीपर्यंत गेली आणि बादली ओतत काय म्हणते, "प्या रे बाळांनो, पोटभर प्या. त्यांना वाटतं एका मगात सगळ्यांचं भागतं. स्वतःला मात्र चारदा चहा लागतो."

डोळे भरून आले हो. धावत आत जावंसं वाटलं. पण पाय फरफटत होता तिचा, मधेच तोल जात होता... म्हटलं, मेल्या, हेच तर तुला दिसू नये म्हणून ती रोज तू बाहेर पडायची वाट बघते. तसाच मागे फिरलो आणि जिन्यात बसून राहिलो, चांगला अर्धा तास. परत पलंगापर्यंत यायचं, वॉकरवर टॉवेल होते तसे पसरायचे, वेळ लागणारच ना? मग मुद्दाम खोकत, किल्ल्या वाजवत आत गेलो. ही पलंगावर, कपाळावर घाम. "काय केलंस गं दुपारभर?" "काय करणार, पडून होते."

आता रोज दुपारी मला बाहेर काहीतरी काम निघतं. माझा मग मी बंदच केलाय, तरी चिखल व्हायचा तो होतोच, कारण बादलीची फेरी आता दोनदा होते.

काल परत नर्सरीत गेलो. त्यानं हातच जोडले. "काका, तुमच्याकडे एक पान वाचत नाही. सोडा हा नाद, पानं बाजारातून आणा." अरे, पानं मी कधीची बाजारातूनच आणतोय. त्याला म्हटलं, "तू आणखी सहा रोपं दे. आणि बघ, जरा जास्त तहान लागणारी दे."