बशीतली धडधड

हॅलो?… हां, बोला आई… अहो हळू, हळू. काय झालं?… कुणाला पेटीत ठेवायचं?… मी? मी असं कशाला लिहीन!… वाचा बरं. जसं आहे तसं वाचा.

…'जुनं पाणी काढ, नवं कोमट घाल'… हं… 'झाकण लाव आणि परत पेटीत ठेव, हलवू नकोस'… अरे देवा… 'मेलेल्या असतील त्या फेकून दे'… आई, आई, थांबा! तो मेसेज तुम्हाला नव्हताच. बांबूला होता!

बांबू हो, आमच्या लॅबमधला. उंच आहे म्हणून… असेल की खरं नाव, पण ते आता त्याच्या आईलाही आठवत नसेल. मी जेवायला गेले की माझ्या पेशींना खायला कसं घालायचं, ते त्याला लिहीत होते. एका हाताने लिहिलं, तर गेलं तुम्हाला.

नाही हो! ढमीला कशाला पेटीत ठेवीन, पोटच्या पोरीला! पेशींना. बशीतल्या पेशींना. त्यांची उबेची पेटी असते इथे.

आणि 'ठेव' काय, 'फेकून दे' काय… मी तुम्हाला कधी अगं-तुगं केलंय का? सात जन्मात करणार नाही. त्यावरून तरी ओळखायचं ना!… म्हणजे तुम्हाला वाटलं, बाळंतपणात सुनेची जीभ सुटली?… छान. चांगली ओळखलीत मला.

थांबा, म्हणजे तुमचा मेसेज… अगंबाई. तुमचा त्याला गेला. 'मांडीवर आडवं घ्या, पाठीवरून हात फिरवा, ढेकर काढल्याशिवाय खाली ठेवू नका'… तरीच! मघाशी दाराबाहेरून विचारत होता, "ताई, ढेकर नक्की कुणाचा?" आणि मी त्याला 'घ्या', 'फिरवा' केलं म्हणून खूश दिसत होता बिचारा.

एका हाताने का म्हणजे? दुसरा रिकामा नव्हता… नाही आई, तो घर्र घर्र आवाज मायक्रोस्कोपचा नाही. मायक्रोस्कोप आवाज करत नाही. तो दूध काढायचा पंप आहे… हो, लॅबमध्येच. सामानाच्या खोलीत, हातमोज्यांच्या खोक्यांमागे. दाराला खुर्ची लावलीय, बाहेर पाटी लावलीय, 'आत काम चालू आहे'. चालूच आहे की!

बरं ते जाऊ दे. ढमीचं सांगा. प्यायली?… सगळी?… एवढ्यात?… अगदी रिकामी केली बाटली?… वा!… मग मागे रडतंय कोण?… शेजारचं बाळ? आई, शेजारी कुठून आलं बाळ? शेजारी दाताचे डॉक्टर आहेत… त्यांचा पेशंट? पेशंट 'ऑंगाऽऽ' करून रडतोय?

आई. खरं सांगा.

…एक थेंब नाही?… सकाळपासून?… चमच्यानेही नाही?… तोंड फिरवते… आणि मग थुंकते… तुमच्या चष्म्यावर?… अहो मग 'प्यायली' कशाला म्हणालात! मला बरं वाटावं म्हणून?

मी निघते… नाही, निघतेच. मिळेल त्या गाडीने येते. पाच महिन्यांचं लेकरू उपाशी, आणि मी इथे खोक्यांमागे… नाही, रडत नाहीये. पंप आहे तो… पंपच आहे म्हटलं ना!

माहितीय. माहितीय मला, आज पहिला पूर्ण दिवस आहे. दोन आठवडे अर्ध्या दिवसावर भागलं, आता नाही भागत. मॅडमनी सांगितलंय ना, संध्याकाळपर्यंत काय ते ठरव. पूर्ण वेळ येणार असशील तर काम तुझं, नाहीतर बांबूकडे देते. त्यांचं तरी काय चुकलं? पेशींना दुपारीच बघावं लागतं, त्या काही माझ्या सवडीने थांबत नाहीत. आणि ढमी दुसऱ्याच्या हातून पीतच नसेल तर मी पूर्ण वेळ येऊ कशी? तुम्हीच सांगा. द्यावं लागणार काम सोडून.

…काय?… परत म्हणा… 'तू आलीस तर मी दार उघडणार नाही'? आई, माझं घर आहे ते!… बरं, तुमचंही आहे… आतून कडी? अहो, धमक्या कसल्या देता!

…

हो. एवढं माहीत होतं की तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतात. हेडफोन लावून बसायचात, तो फोटो आहे ना कपाटात… यांच्या जन्मानंतर सोडलंत, हेही माहीत होतं… नाही, हे नव्हतं माहीत. चार महिन्यांनी परत गेला होतात?… आणि जागा भरली होती… हं… कधी बोलला नाहीत.

…

बरं. नाही येत. खरंच नाही येत. कडी काढा… काढा म्हटलं ना, उगाच दाराशी उभ्या राहू नका तिला घेऊन. पण मग पाजायचं कसं? विचार करू द्या जरा.

अहो, या माझ्या पेशींचंही हेच आहे बघा. नुसत्या कोऱ्या बशीत सोडल्या तर टिकत नाहीत, तरंगतात आणि मरतात. आधी बशीला लेप द्यावा लागतो, त्यांच्या ओळखीचा. मग बसतात चिकटून… थांबा. थांबा, थांबा! माझा रात्रीचा गाऊन धुतलात?… पिवळा, कोपराशी विरलेला… नाही ना? मशीनमधून काढा, भिजवू नका. आणि घाला.

तुम्ही… हो, तुम्हीच. ढमी कशी घालेल?… कपड्यांवरूनच चढवा… मापाचं सोडा हो! वास माझा आहे ना त्याला, तो हवा… कोण येतंय बघायला!

होल्डवर ठेवता? ठेवा. सवयच आहे तुम्हाला.

…

…आई?… फाटलं? कुठे?… बगलेत? फाटू दे!… श्वास घेता येतोय ना? मग झालं… कशा दिसताय?… पिवळ्या सिलिंडरसारख्या? मी नाही हं म्हटलं, तुम्हीच म्हणालात.

आता फोन स्पीकरवर टाका आणि उशीपाशी ठेवा. मी चाललेय मायक्रोस्कोपपाशी. मीही स्पीकरवर टाकते, मला हात मोकळे हवेत… अहो, पेशी बघायची वेळ झालीय… हृदयाच्या आहेत त्या… नाही, कुणाचंही काढलेलं नाही! एका बाईच्या दंडावरची तिळाएवढी कातडी आहे. तिच्यातल्या पेशींना पढवून पढवून हृदयाच्या केल्यात… फसवून म्हणा हवं तर. एकच औषध कुणाच्या हृदयाला मानवतं, कुणाचं बिघडवतं. ते त्या बाईवर करून कशाला बघायचं, बशीत बघू. पण त्यासाठी त्यांनी आधी धडधडायला हवं ना! मागच्या दोन्ही वेळा नुसत्या पडून राहिल्या. मेल्या नाहीत, पण हलल्याही नाहीत. रुसल्यासारख्या.

बसले. हं, धरा तिला.

ढमाबाई! ओ ढमाबाई! कोण बोलतंय?… आई बोलतेय!… गप्प झाली?… फोनकडे बघतेय?… गाऊनमध्ये नाक खुपसतेय? लावा बाटली. हळूच. मी बोलत राहते… काय बोलू, सुचत नाहीये… हं.

ऐका हं ढमाबाई. इथे ना, एक बशी आहे. बशीत आहे गुलाबी पाणी. आणि गुलाबी पाण्यात कोण कोण आहे?… आई, ओढतेय? ओढतेय का?… एक घोट!… नाही, थांबत नाही, थांबत नाही… तर गुलाबी पाण्यात ना, पुष्कळ मंडळी आहेत. एकमेकींच्या अंगावर पाय टाकून लोळतायत. कुणी म्हणून काम करत नाही. आळशी नुसत्या. तुझ्या बाबांसारख्या… हो आई, तुमच्याच मुलाबद्दल बोलतेय, पाजा तुम्ही.

एक आहे लांबट. एक आहे फुगीर, तुझ्यासारखी. आणि एक बसलीय कोपऱ्यात… कोपऱ्यात ना… कोपऱ्यात…

…

नाही, काही नाही. आहे मी. कोपऱ्यात ना ढमाबाई… कुणीतरी हललं.

माझाच धक्का लागला असेल. आता मी टेबलाला हात लावत नाहीये हं… कोपरही नाही… श्वाससुद्धा घेत नाहीये… आणि तरी… तरी गं माझ्या सोन्या… परत… आणि परत… आणि ही बघ, परत…

आई, विचारू नका, पाजत राहा! मी ओरडणार नाही. मला फार ओरडायचंय, पण मी ओरडणार नाही.

बांऽऽबू… ओ बांऽऽबूकाका… इकडे या ना… हळूऽऽच या… चपला वाजवू नका… ओरडलास तर मारीन हं तुला, माझ्या राजा… नाही रे शहाण्या, वेड नाही लागलं, माझी मुलगी दूध पितेय, असंच बोलायचंय सगळ्यांनी… डोळा लाव इथे. डाव्या कोपऱ्यात… दिसलं?… तोंडावर हात ठेव! हात ठेव रे बाळा तोंडावर!

आई, किती झाली?… अर्धी?… अर्धी! काय झालं म्हणून काय विचारता, धडधडतायत हो! आपल्या आपण! कुणी हलवलं नाही, कुणी सांगितलं नाही… सगळ्या नाहीत, एक छोटासा पुंजका. आधी एकच होती, मग शेजारची, आणि आता सगळ्या एकदम. आवळतात, सैल होतात, आवळतात… दिसतं की! मूठ उघडझाप करावी तसं दिसतं… काय खातात म्हणजे? तेच गुलाबी पाणी… नाही, साखर वेगळी घालत नाही.

आणि आता कोण आलं ढमाबाई? मॅऽडम आल्या! मॅडम कशा चालतायत? मांजरीसाऽरख्या… सॉरी मॅडम, मला थांबता येत नाही, मी थांबले की ती थांबेल… हो, बघा ना. डाव्या कोपऱ्यात. माझ्याच… आमच्याच बशीत.

काय म्हणालात, आई?… श्श! आई! स्पीकरवर आहात तुम्ही!… अहो, मघापासून!… हो, 'खडूस' ऐकलं त्यांनी. 'माझ्या सुनेचं काम दुसऱ्याला दिलंत तर गाठ माझ्याशी आहे', तेही ऐकलं… मीच म्हणाले होते ना, मीही स्पीकरवर टाकतेय म्हणून!… नाही, रागावल्या नाहीत. हसतायत. डोळा लावून हसतायत आणि मायक्रोस्कोप हलतोय. मॅडम, मायक्रोस्कोप!

आई, तुमची गाऊनची कुरकुरही ऐकली त्यांनी. विचारतायत, फार घट्ट होतोय का. त्यांच्याकडे एक मोठ्या मापाचा आहे, नवा… अहो मॅडम, नवा काय कामाचा, वास माझा लागतो… हां! हे बरोबर. म्हणजे रात्री तो मी घालायचा आणि सकाळी आईंनी. ऐकलंत, आई?… नाही, मी काही त्यात बुडत नाही, चालेल मला.

झाली?… बाटली झाली?… मघासारखी नाही ना झाली? दाताच्या डॉक्टरांची शपथ घ्या… घेतलीत? बरं. आता खांद्यावर घ्या. थोपटा. जरा वर… अजून थोडं…

ऐकलं! ऐकलं आई! सगळ्यांनी ऐकलं! केवढा मोठा!… बांबू म्हणतोय, मेसेज आत्ता कळला.

मॅडम… नाही, संध्याकाळ कशाला, आत्ताच सांगते. काम माझ्याकडे राहू द्या… पूर्ण वेळ… हो, उद्याही… उद्या नाही प्यायली तर? तर काय… आई, मॅडम विचारतायत, उद्या नाही प्यायली तर काय?… मॅडम, आई म्हणतायत, "उद्याचं उद्या बघू, दार मात्र उघडणार नाही." हे असं आहे. त्यामुळे मला यावंच लागेल.

बांबू, राग नाही ना रे?… मग तोंड असं का केलंस?… अरे, रविवार तुझ्याकडेच आहेत, काळजी करू नको. पेशींना रविवार कळत नाही.

आई, आता तिला द्या जरा. म्हणजे फोन कानाशी धरा तिच्या. मला तिला सांगायचंय… काय?… झोपली?… खांद्यावरच?… गाणं नाही, फेऱ्या नाहीत, काही नाही?… माझ्याशिवाय?

…

नाही, ऐकतेय मी. बरंच आहे की. छानच आहे. झोपू दे.

मग हळू बोलते… अजून हळू?… आता हे तर मलाच ऐकू येत नाहीये… फोन ठेवू? का?… माझ्या आवाजाने उठेल? अहो आई, माझ्याच आवाजाने तर प्यायली ती!… बरं. बरं, नाही बोलत… तुमचा खांदा अवघडला असेल ना… असू दे म्हणता.

आई, एक फक्त… नाही, लांबवत नाही. मला एवढंच म्हणायचं होतं, की तुम्ही आज… आई? हॅलो?…

ठेवला!