तारीख दिसली पाहिजे

…नाही, पण तुम्ही मला एक सांगा, धक्क्याला दोरखंडाने घट्ट बांधून ठेवलेल्या बोटीत पाणी उपसायचा पंप कशाला चालू लागतो? पाऊस नाही, वारा नाही, समुद्र कसा इस्त्री केल्यासारखा सपाट, आणि हा पंप आपला सकाळपासून धडधड धडधड, एका कडेने पाणी थुंकतोय! मी तांडेलाला, म्हणजे बोटीवरच्या मुख्याला, म्हटलं, अहो, बंद करा की तो जरा, तुमचं बोलणं ऐकू येत नाही मला. तर म्हणतो कसा, "बंद केला तर ऐकू येईल साहेब, पण मग बोलायला आम्हाला पोहत वर यावं लागेल." आणि हसला. बाकीचे सात जण हसले. मीसुद्धा हसलो! एकतीस वर्षं झाली मला बातमीदारीत, दोन मंत्री घरी बसवलेत या हाताने, आणि इथे बातमी कानाशी धडधडतेय आणि मी दात काढतोय!

कारण काय, तर आम्हाला बातमी नकोच होती. आम्हाला हवं होतं 'रोजचं जगणं'! आमचे नवे संपादक, वयाने माझ्या चपलांपेक्षा लहान, मला केबिनमध्ये बोलावून सांगतात, "सर, रविवारची पुरवणी, मधली दोन पानं, बंदरातली कामकरी माणसं. फोटो बोलले पाहिजेत. तुम्ही कमीत कमी बोला." मग मला पाठवता कशाला? तर छायाचित्रकाराला माणसांशी बोलता येत नाही म्हणून! त्याला आम्ही कलावंत म्हणतो. गळ्यात तीन कॅमेरे आणि तोंडात एकच वाक्य, "नैसर्गिक राहा! कॅमेऱ्याकडे बघू नका!"

आणि तुम्हाला सांगतो, सगळा धक्का नैसर्गिक होता हो! टोपल्या उतरतायत, बर्फ फुटतोय, डिझेलचे डबे चढतायत, शिव्या तर इतक्या नैसर्गिक की मी दोन टिपून घेतल्या. पण या एका बोटीकडे कलावंताने कॅमेरा वळवला रे वळवला की आठच्या आठ जण हातातलं काम टाकून तोंडावर पाणी मारतात, एकच कंगवा आठ डोक्यांमधून फिरतो, गळ्यापर्यंत बटणं लागतात, आणि एकेक जण बोटीच्या पुढच्या टोकाशी, जिथे तिचा नंबर रंगवलेला असतो ना, त्याच्या शेजारी जाऊन उभा! छाती पुढे, हनुवटी वर, डोळे थेट भिंगात. स्वतःच्या लग्नातसुद्धा इतका सरळ उभा राहिला नसेल माणूस! कलावंत कळवळून ओरडतोय, "अहो कॅमेऱ्याकडे बघू नका!" आणि ते आणखी डोळे मोठे करून बघतायत!

बरं, आणि हातात काय? तर आमचा पेपर! प्रत्येकाने पुढे गेलेल्याच्या हातातून घ्यायचा, छातीशी धरायचा. आता खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कलावंत म्हणतोय, पेपर खाली ठेवा, मी म्हटलं, राहू दे रे, वाचक आहेत आपले! बर्फ फोडणारा एक दांडगा गडी उभा होता, त्याला विचारलं, काय आवडतं आमच्या पेपरातलं? अग्रलेख?

"मला वाचता येत नाही साहेब."

बघतो तर पेपर उलटा धरलेला! म्हटलं, मग धरलाय कशाला?

"तारीख दिसतेय ना तेवढं बघा," म्हणाला, आणि पेपर सुलटा केला.

तिथेच जाळं शिवत एक बाई बसली होती. सगळे तिला वहिनी म्हणतात, तिचा नवरा याच बोटीवर होता. होता म्हणजे… थांबा, तिच्याच शब्दांत सांगतो. जाळ्यातून मानही वर न करता म्हणाली, "गेल्या वर्षी आठ गेले दादा, सात आले. हा पाण्यात पडला, सातांनी बघितलं. भरपाई द्यावी लागेल म्हणून मालक म्हणाला, तो तर दोन दिवस आधीच बोट सोडून गेला होता, बोटीवर नव्हताच. सातांचं ऐकतो कोण? बंदराच्या कचेरीतला कारकून मला म्हणतो, पळून गेला असेल बाई, पुरुष जातात असे. वहीत बेपत्ता लिहिलंय. मी ना सवाष्ण, ना विधवा. पोरांना शाळेत पळपुट्याची पोरं म्हणतात."

मी म्हटलं, अहो, मोबाइलवर एखादा फोटो तरी असेल त्याचा बोटीवरचा!

"दाखवला की! कारकून म्हणाला, मोबाइलातली तारीख कोणीही बदलतो, छापील काही आहे का? म्हणून या आठांनी ठरवलंय. तोंड, बोटीचा नंबर आणि त्या दिवसाचा पेपर, तिन्ही एका फोटोत. पेपरात आत काय लिहिलंय ते असू दे दादा, वर तारीख छापतात ती तरी खरी असते."

एकतीस वर्षं झाली मला बातमीदारीत!

आणि तो पंप? तांडेल म्हणाला, "तळाची फळी गेलीय. मालक म्हणतो, एवढी एक खेप होऊ द्या, मग बघू." अहो मग जाऊ नका! मी ओरडलोच तांडेलावर. तो शांतपणे पेपराची घडी नीट करत म्हणाला, "आम्ही नाही गेलो तर उद्या इथे दुसरे आठ उभे असतील साहेब. आम्ही पण असेच चढलो होतो."

तुम्हाला सांगतो, माझा चढलाच पारा. कलावंताला म्हटलं, काढ फोटो! नंबर आला पाहिजे, चेहरा आला पाहिजे, तारीख दिसली पाहिजे! तो नाक मुरडतोय, "सर, हे छायाचित्र नाही, हे ओळखपत्र आहे." अरे मग ओळखपत्र काढ! आठ काढले. तांडेल सगळ्यांत शेवटी उभा राहिला, आणि प्रत्येक फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून स्वतः बघितला, बर्फवाल्याचा तर दोनदा. मग म्हणाला, "आता ठीक आहे." काय ठीक आहे हो? मागे पंप धडधडतोय!

संध्याकाळी ऑफिसात मी ते फोटो मोठे करून बघतोय, चेहरे लख्ख, नंबर लख्ख, तारीख लख्ख… चौदा. मी चष्मा पुसला. चौदा! आठही फोटोंत चौदा! अहो, त्या दिवशी पंधरा होती! पहिल्या पानावर आदल्या दिवशीची तारीख तशीच राहिली होती, कोणीतरी बदलायला विसरलं होतं, आणि सबंध दिवसात एकाही वाचकाने, एकाही माईच्या लालाने… नाही, एकाचा फोन आला होता म्हणे, शब्दकोडं सोपं झालंय म्हणून!

तुम्ही म्हणाल, एका दिवसाने काय बिघडतं? बिघडतं! चौदाला ती बोट समुद्रात होती! पंधराला सकाळी धक्क्याला लागली, तशी बंदराच्या वहीत नोंद आहे. म्हणजे आता फोटो काय सांगतात? बोट समुद्रात असताना ही आठ माणसं तिला टेकून धक्क्यावर उभी आहेत! मी गेलो संपादकांकडे, म्हटलं, उद्या दिलगिरी छापा, तारीख चुकली. ते म्हणतात, "सर, लोकांना माहीत असतं आज किती तारीख आहे. आणि दिलगिरी छापायची सवय लागली की थांबता येत नाही." म्हटलं, निदान बोट गळतेय हे तरी छापा! तर म्हणे, "पुरवणी आहे सर, रविवार आहे, लोक चहा पीत असतात."

सोळाला पहाटे बोट निघणार होती. मी कलावंताला झोपेतून ओढून काढला, ताजा पेपर घेतला, तारीख तीनदा वाचली, सोळा, सोळा, सोळा, आणि धक्क्यावर पळालो. या वयात, या गुडघ्यांनी! पोचलो तर दोर सुटत होते. भरतीची वेळ, थांबायला सवड कोणाला? मी पेपर हवेत फडकवत ओरडतोय, "अहो, तारीख चुकली होती! इकडे बघा! कॅमेऱ्याकडे बघा!" आणि तुम्हाला सांगतो, एक जण बघेल तर शपथ! तांडेल सुकाणूशी पाठमोरा, बर्फवाला खाली वाकलेला, दोघं दोर ओढतायत, एक जण पंपावर, इंजिनाच्या आवाजात माझा आवाज कुठे जातो! मी पेपर फेकला. पाण्यात पडला. आणि माझ्या शेजारी हा कलावंत खटाखट फोटो काढतोय, डोळ्यांत पाणी, म्हणतोय, "सर, काय नैसर्गिक आहेत हो आज!"

छापले. रविवारी, मधली दोन पानं. पाठी, खांदे, हात, ताणलेले दोर, धुकं. एकाचा चेहरा नाही. नंबर धुक्यात. मी खाली आठ जणांची नावं लिहून दिली होती, ती पानं लावणाऱ्याने काढून टाकली, फोटो बोलतायत म्हणे, ओळींची गरज नाही! मला लोकांनी फोन केले, वा, काय हृदयस्पर्शी! तारीख? तारीख बरोबर छापली होती हो त्या दिवशी.

बोट विसाला परत यायची होती. एकवीस गेली. बावीसला वहिनी धक्क्यावर जाळं मांडीवर घेऊन बसलेली, पण हात चालत नव्हते. मी ते पहिले आठ फोटो घेऊन बंदराच्या कचेरीत गेलो. कारकुनाने चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं. "चौदा. चौदाला ही बोट समुद्रात होती. हे बनावट आहे." म्हटलं, अहो, छपाईची चूक आहे! "मग दिलगिरी दाखवा." ती नाही छापली! "मग चूक नाही." म्हटलं, मी स्वतः साक्षीदार आहे, आठ माणसं या डोळ्यांनी बघितलीत मी! त्याने कागद पुढे सरकवला. मालकाने लिहून दिलं होतं, बोटीवर पाच जण होते.

पाच? कोणते पाच?

"ते अजून कळवलेलं नाही," म्हणाला, आणि चष्मा काढून पुसायला लागला.

मी आदळआपट केली, टेबलावर हात आपटला, अर्ज लिहिला, दुसरा लिहिला, संपादकांच्या तोंडावर राजीनामा फेकला आणि संध्याकाळी परत घेतला, कारण राजीनामा दिला की बंदराच्या कचेरीत आतसुद्धा सोडणार नाहीत. समुद्र अजून तसाच, इस्त्री केल्यासारखा. बोट नाही, फळी नाही, काही नाही.

आणि परवा धक्क्यावर गेलो, तर दुसऱ्या बोटींवरची माणसं रांगेत उभी. केस विंचरलेले, बटणं लावलेली. माझी वाटच बघत होती! "साहेब, त्या फोटोवाल्याला बोलवा, आमचे काढा." कलावंताला फोन केला, तो मुकाट्याने आला, एका शब्दाने नैसर्गिक म्हणाला नाही. मी पिशवीतून आमचा ताजा पेपर काढून पहिल्याच्या हातात दिला. चांगला वयस्कर माणूस होता. त्याने तारखेवर बोट ठेवलं, रांगेत मागे वळून बघितलं, आणि दोन्ही हातांनी, देवाघरचं काहीतरी परत करावं तसा, पेपर मला परत दिला.

"राग मानू नका साहेब, पण हा नको. दुसऱ्यांचा आणता का?"

एकतीस वर्षं झाली हो मला बातमीदारीत! कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळतो दुसऱ्यांचा. दहा घेतले. तारीख वाचून.