उतरवलेला लेख

नाही, पासवर्ड तोंडानं सांगणार नाही, मीच टाकते. तू तिकडे खिडकीकडे बघ. राग मानू नकोस गं, तुझ्यावर अविश्वास नाही — आहे, थोडा आहे, खोटं कशाला बोलू? तुला माझं नाव दिलं कुणी, वाचनालयातल्या बाईंनी? बरं. त्यांचं आणि माझ्या नणंदेचं गूळपीठ आहे, ते ठाऊक असेलच तुला. नाही? मग हसलीस कशाला? जाऊ दे. टाकला पासवर्ड. वळ आता इकडे.

आणि ही नवी वेबसाइट माझी स्वतःची म्हणतेस, म्हणजे नक्की किती माझी? उद्या कुणी तक्रार केली, तर मला न विचारता लेख उतरवता येणार नाही ना कुणाला? — हां. पण ज्या कॉम्प्युटरवर हे सगळं राहणार, तिथली जागा भाड्याचीच ना? बघ! घर माझं, जमीन दुसऱ्याची. असू दे, किल्ली माझ्याकडे असली म्हणजे झालं. ब्लॉग म्हणजे काय, फुकटचं बिऱ्हाड, मालकाच्या मनात आलं की सामान रस्त्यावर. माझं तेच झालं ना! लेख टाकला, लोकांनी वाचला, माझी शाळेतली मैत्रीण तर फोनवर रडली — आणि दुसऱ्या दिवशी बघते तर लेख गायब. ना सूचना, ना कारण. कुठंतरी पाणी मुरतंय, मी तेव्हाच म्हटलं.

कुठला म्हणजे? ह्यांच्यावरचा. ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून काढला — आणि मग हात कापायला लागले. आधी कुणाला कळलं नाही, मला कळलं, कपाखाली बशी वाजायची. एकदा कुणा गिऱ्हाइकाच्या वडिलांचं घड्याळ उघडलं आणि तिळाएवढा स्क्रू हातून निसटला. आम्ही दोघं जमिनीवर ओणवे, लोहचुंबक फिरवतोय. सापडला गं, पण परत बसवता येईना. तेव्हा दुकान दिलं. लोकांना सांगितलं, कंटाळा आला. मी खरं काय ते लिहिलं. वाईट नाही लिहिलं — किती देखणे हात होते ते, हेच लिहिलं. यात कुणाच्या पोटात दुखावं? पण नणंदबाई आल्या नि म्हणाल्या, "वहिनी, घरातलं चव्हाट्यावर कशाला?" म्हणजे तक्रार त्यांचीच. नाहीतर ज्यानं दुकान घेतलं त्याची, कारण त्यानं पाटी कशी भंगारात टाकली तेही मी लिहिलंय. नाहीतर तो वरच्या मजल्यावरचा, जिन्यात भेटला की विचारतो, "नवीन काय लिहिलंत?" — तुला कशाला रे चौकशा? ह्यांना विचारलं तर ताकास तूर लागू देत नाहीत. "सोडून दे," म्हणाले, "दुसरं लिही काहीतरी." बहिणीला पाठीशी घालणारच.

काय दाखवतेस? हे सगळे लेख, बरं. आणि हे फिकट अक्षरातलं? मसुदा? म्हणजे अर्धवट — अगं, हा तर तोच! मग तो गेलाच नाही! कंपनीनं काढला असता तर तसं लिहून आलं असतं? म्हणजे कुणीतरी नुसता मागे घेतलाय. कुणीतरी म्हणजे आत शिरून. छे, कसं शक्य आहे, पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. ब्लॉग सुरू केला तेव्हा ह्यांनीच तर तो मला —

थांब जरा.

काही नाही. पाणी नको. त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. परत आले तर हे माझ्या खुर्चीत, कॉम्प्युटरसमोर, घामानं थबथबलेले. म्हटलं, काय करताय? तर म्हणे, हवामान बघतोय. घरात बसून हवामान! मी हसले. मला वाटलं — काय वाटलं कोण जाणे. तो पासवर्ड केवढा लांबलचक आहे. एका बोटानं एकेक अक्षर, बोट घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. किती वेळ लागला असेल गं. सरळ म्हणायचं ना मला, नको लिहूस म्हणून. मी ऐकलं असतं. — नसतं ऐकलं. मी म्हटलं असतं, तुम्हाला लेखनातलं काय कळतं.

हळू बोल, ते उठले वाटतं. बाकी सगळे लेख तिकडे ने. हा नको. मसुद्यातही ठेवू नकोस, पूस. नाही, माझ्याकडे दुसरीकडे कुठं नाहीये, म्हणून काय झालं? पुन्हापुन्हा काय विचारतेस, माझाच आहे ना तो? सरक, मी दाबते.

— अहो, झाली का झोप? काही नाही, त्या वेबसाइटचं. हो, आले सगळे. तो? नाही हो, तो काही मिळाला नाही, ही बिचारी शोधून दमली. कुणी का काढला असेना, मी आता नाव नाही काढणार त्याचं. बसा ना, उभे का? — तू नीघ गं बाई. दार ओढून घे.