सवारी, सीट, माहेरवाशीण

माझा जन्म खडवलीचा, पण मोठा झालो कल्याणात, कारण माझे वडील तिथं टांगा चालवायचे. टांग्यात बसणाऱ्याला ते सवारी म्हणायचे, आणि सवारीला अहो-जाहोच करायचे, मग ती भाजीवाली का असेना. मी गेली तीस वर्षं टिटवाळ्यात शेअर रिक्षा चालवतो, स्टेशन ते मंदिर, आणि आमच्या स्टँडवर माणसाला सीट म्हणतात, काय सांगू तुम्हाला, एक सीट, एक सीट ओरडून घसा बसतो. मंगळवारी येतात ते भाविक, नव्या बिल्डिंगवाले ते पॅसेंजर, पण रिक्षा भरायची वेळ आली की सगळे सीटच. वडील असते तर माझा कान धरला असता.

आमची एक रीत आहे. सीट मागे, घरचं माणूस पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. हवालदार दिसला की घरच्यालाही मागे सरकावं लागतं, ते सोडा. माझी मुलगी सुजाता शाळेत तशीच जायची, माझ्या शेजारी दाटीवाटीनं, हॉर्न तीच वाजवायची.

तिनं माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं. तेव्हा मी बोललेलो, आता या घरात तू पाहुणी, पाहुण्यासारखं विचारून यायचं. बोलून गेलो. तिनं ते धरून ठेवलं, चार वर्षं आली नाही. बायको म्हणायची, अहो, लेकीला माहेरवाशीण म्हणतात, पाहुणी नाही. मी रिक्षा काढून स्टँडवर निघून जायचो.

मागच्या श्रावणात मी असाच ओरडत होतो, एक सीट, एक सीट, तर तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई येऊन मागे बसली. निघालो. मंदिरापाशी दोघं उतरले, ती उतरेना. मी म्हटलं, ताई, शेवटचा स्टॉप. तिनं ओढणी सोडली. सुजाता.

"विचारायला आलेय बाबा. घरी येऊ का?"

शेजारच्या जागेवर माझी पाण्याची बाटली आणि फडका होता, दोन्ही उचललं. ती पुढे आली, तशीच दाटीवाटीनं बसली, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिनं हॉर्न वाजवला.

आता महिन्याला येते. स्टँडवरची पोरं लांबूनच सांगतात, काका, तुमची माहेरवाशीण आली, रांगेतला नंबर सोडा. जावईही येतात कधी. ते मात्र मागे बसतात, अजून. होईल तेही. सुखात राहोत दोघं.